काळी माती, दोन नद्या

शाळेत इजिप्त शिकलो तेव्हा त्यात माणसं नव्हती, राजे होते. पिरॅमिडचं चित्र, स्फिंक्सचं तुटलेलं नाक, आणि इजिप्त म्हणजे नाईल नदीची देणगी असं हिरोडोटस म्हणून गेला ही माहिती, तीही रिकाम्या जागा भरण्यापुरती. तापी त्याच वर्षी भूगोलात यायची, ‘पश्चिमवाहिनी’ या एका गुणासाठी. तिने कुणाला काय दिलं हे आम्हाला कुणी विचारलं नाही. पांझरा तर नकाशावरही नसायची. ती आमच्या गावामागून वाहायची, एवढंच.

इजिप्तची साधी माणसं मला फार उशिरा भेटली. राजांच्या खोऱ्यातली थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं, आज त्याला दैर अल-मदिना म्हणतात. तिथे खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहिलेल्या हजारो नोंदी निघाल्या. दुसऱ्या रामसेसच्या काळातली एक कपची म्हणजे चक्क हजेरीपट आहे. कोण कामावर आला नाही आणि का, ते तिच्यात लिहिलंय. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आलेत. एक घरी बिअर गाळतोय. एक आईचं प्रेत गुंडाळण्यात गुंतलाय. हे वाचलं आणि इजिप्त माझ्यासाठी एकदम आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तोंडावरच्या आमच्या गावासारखा झाला. त्याच गावात तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या वर्षी, म्हणजे इसवीसनापूर्वी 1157 च्या आसपास, धान्याचा वाटा वेळेवर मिळाला नाही म्हणून कारागीर काम टाकून देवळामागे जाऊन बसले. जगात नोंद झालेला पहिला संप तो हाच, असं मानतात.

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं. अक्षय तृतीयेला उर्वरित महाराष्ट्र सोनं घेतो. खानदेशात त्या दिवशी माणूस ठरतो. वर्षाची रोख किती, ज्वारी किती पोती, गहू किती, कपडे किती जोड, घोंगडी द्यायची की नाही, हे लिंबाखाली बसून बोललं जातं. लहानपणी मी ती बोलणी ऐकलीत. आबा एक आकडा बोलत, समोरचा काहीच बोलत नसे, काडीने मातीत रेघा ओढत बसे. त्या रेघा म्हणजेच त्याचं उत्तर असे. बऱ्याच वेळाने कुणीतरी तिसरा मध्ये पडे, एखादं पोतं वाढे, आणि साल ठरे. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. आबांच्या वहीत असेल ते मालकाच्या बाजूचं. मातीतल्या रेघांची कपची होत नाही.

त्याच दिवशी सकाळी दुसरा हिशेब झालेला असे. उंबरठा धुऊन-पुसून झाला की आजी कुंकवात बोट बुडवायची आणि एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत उंबरठ्यावर बोट उमटवायची. सासरा, चुलतसासरा, दीर, लहानपणीच गेलेला एक मुलगा. कुंभाराकडची नवी घागर पाण्याने भरून ठेवलेली, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, शेजारी सांजोऱ्या. चुलीतले निखारे बाहेर ओढून त्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास पडे. याला आगारी टाकणं म्हणायचं. धूर वर चढला की आजी हात जोडून म्हणे, “त्या येतस, पानी पेतस.” वैशाखात धुळ्याचा पारा कुठे असतो ते ज्याला माहीत आहे, त्याला मेलेल्या माणसाला आधी काय लागेल हे सांगावं लागत नाही.

इजिप्तच्या थडग्यांच्या भिंतींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला मजकूर सापडतो. अरे जिवंत माणसांनो, इथून जाताना माझं नाव घ्या, भाकरी आणि बिअर माझ्या नावाने उच्चारा, तुमच्या तोंडची वाफ तेवढी खर्च होईल, बाकी काही जाणार नाही, अशा अर्थाचा. खरी भाकरी आणायला पुढे कुणी उरणार नाही हे मेलेल्याला जिवंतपणीच ठाऊक होतं. नाव उच्चारलं गेलं की माणूस टिकतो, खोडलं गेलं की संपतो, या समजुतीवर त्या लोकांनी तीन हजार वर्षं काढली. शत्रूचं नाव दगडावरून खरवडून काढणं ही तिथली सगळ्यांत मोठी शिक्षा. आमच्या उंबरठ्यावरची नावं तीन पिढ्यांपलीकडे जात नसत. आजीच्या सासऱ्याच्या वडिलांचं नाव तिला येत नव्हतं. आणि तिच्या यादीत बायका अगदी थोड्या होत्या, हेही मला मोठेपणीच लक्षात आलं.

बायकांचा हिशेब आमच्याकडे वेगळ्या ठिकाणी मांडतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी उभी करतात, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. तिच्या रोटांसाठी गहू मोजून घेतात: घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. ते रोट कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. एडवर्ड लेन नावाच्या इंग्रजाने 1836 मध्ये कैरोतल्या लोकांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिलं. त्यात जूनमधल्या एका रात्रीचं वर्णन आहे. त्या रात्री आभाळातून एक थेंब नाईलमध्ये पडतो आणि नदी चढू लागते, अशी समजूत. घरात जितकी माणसं, तितके कणकेचे गोळे गच्चीवर मांडायचे, प्रत्येकाने आपल्या गोळ्यावर खूण करायची. पहाटे ज्याचा गोळा तडकलेला दिसेल त्याला आयुष्य मोठं. ज्याचा तडकला नसेल त्याने समजून जायचं. पाण्याची चाहूल, पीठ आणि घरातली डोकी हे तिन्ही दोन्हीकडे एकत्र येतात. फरक एवढाच की कैरोच्या गच्चीवर बाईमाणसाचाही गोळा असायचा. आमच्या रोटांत देवी बाई, रांधणाऱ्या बाया, गाणाऱ्या बाया, आणि मूठ मात्र गड्यांची. हे मी कौतुकाने लिहीत नाही.

बाळ जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही. प्राचीन इजिप्तमध्ये हे काम सात जणींकडे होतं, त्या सात हाथोर. एका जुन्या गोष्टीत त्या राजपुत्राच्या जन्मावेळी येऊन सांगतात की हा मगरीने, सापाने नाही तर कुत्र्याने मरणार. पुढे तो सापातून वाचतो, मगर त्याच्यापुढे सौदा ठेवते, कुत्रा मागे लागलेलाच असतो, आणि तिथे पपायरस फाटलेला आहे. गोष्टीचा शेवट कुणालाच माहीत नाही. सटवाईने काय लिहिलं तेही कुणाला वाचता येत नाही, तेव्हा हिशेब बरोबरच आहे म्हणायचा. आजच्या इजिप्तमध्ये मुसलमान आणि कॉप्ट ख्रिस्ती दोघेही बाळाची सातवी करतात. बाळाला चाळणीत ठेवून हलवतात, त्याच्या कानाशी खलबत्ता वाजवतात, घरभर मीठ उधळतात. धर्म तिकडे दोनदा बदलला, भाषा बदलली, चाळणी राहिली.

धर्मावरून आणखी एक आठवलं. लक्सरच्या भग्न मंदिरातच अबू अल-हज्जाज या सूफी संताची मशीद आहे, आणि त्याच्या उरुसात रस्त्यातून होड्या मिरवतात. तीन हजार वर्षांपूर्वी त्याच गावातून आमोन देवाची होडी मिरवत असे. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, 1872 पासून. रथ सुरू करणारे अप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांची मैत्री होती म्हणून रथ आजही भिलपुऱ्यात बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि चादर चढते. सगळं गाव ते बघतं, आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही.

तर पाणी. मला सगळ्यांत जास्त चकित केलं ते यानेच. नाईलचा पूर इजिप्तमध्ये पडलेल्या पावसाचा नव्हताच. तिथे पाऊस पडतो म्हणावा इतकाही पडत नाही. तो येई इथिओपियाच्या डोंगरातून, निळ्या नाईलने, जून ते सप्टेंबरच्या पावसाचा. म्हणजे ज्या मोसमी वाऱ्यांची आपण मृगापासून वाट बघतो, त्याच मोठ्या यंत्रणेचा तो दुसरा हात. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पावसाचा अंदाज बांधताना नाईलच्या पुराचे आकडेही गणितात धरत असत. कैरोजवळच्या रोडा बेटावर नदीची उंची मोजणारा खांब आहे आणि तिथल्या नोंदी सातव्या शतकापासूनच्या मिळतात. 1877 साली नाईल चढलीच नाही. त्याच सुमारास दख्खन दुष्काळाने होरपळत होती. 1899 लाही नाईल खाली, आणि आमच्याकडे छप्पन्नाचा दुष्काळ, विक्रम संवत 1956 वरून पडलेलं नाव. त्या दुष्काळात खानदेशची किती गुरं मेली याच्या कहाण्या आजीच्या सासूने आजीला सांगितल्या होत्या. नाईलच्या काठी त्याच वर्षी कुणी म्हातारी कोरड्या पाटाकडे बघत बसली असेल, हे या दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आभाळ एकच होतं.

पाणी वाटून घेण्याची तऱ्हाही दोन्हीकडे गावाची होती, सरकारची नव्हे. नाईलचं पाणी बांध घालून मोठमोठ्या वाफ्यांत अडवायचं, दीडेक महिना मुरू द्यायचं, गाळ बसला की सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-जव पेरायचं. आमच्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत होती. साक्री तालुक्यात तिच्या खुणा अजून दिसतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा या फडात ऊस तर पुढच्या वर्षी दुसऱ्यात. प्रत्येकाचा तुकडा बहुतेक फडांत असायचा, त्यामुळे पाणी कमी झालं तर झळ सगळ्यांना सारखी बसे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. त्यांची मजुरी गावाने धान्यात द्यायची. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षं चालली आणि तिची घटना कुणी लिहून ठेवलेली नव्हती. पाटकऱ्याच्या तोंडचा शब्द हाच कायदा. आमच्या शेजारच्या आप्पांनी मला एकदा दाखवलं होतं, चारीच्या तोंडाशी चिखलाचा लगदा कसा थापायचा म्हणजे पाणी दमादमाने जाईल, ढासळणार नाही. हाताचा तळवा नाही, मनगटाची बाजू वापरायची. मला ते कधीच नीट जमलं नाही.

नाईलकाठचे ते वाफे मोडले कपाशीने. मोहम्मद अली पाशाच्या काळात, 1820 च्या सुमारास, जुमेल नावाच्या फ्रेंच माणसाला कैरोच्या एका बागेत लांब धाग्याची कपाशी दिसली आणि पाशाने ती डेल्टाभर लावायला लावली. या कपाशीला उन्हाळ्यात पाणी लागतं, म्हणून बारमाही कालवे आले. ते खणायला आणि गाळ उपसायला फेल्लाह, म्हणजे तिथला शेतकरी, वेठीला धरला गेला. पुढे अमेरिकेत 1861 ला यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला, आणि त्यांनी दोन ठिकाणी तोंड वळवलं: एक इजिप्त, दुसरा हिंदुस्थान. इजिप्तची निर्यात चार वर्षांत जवळजवळ चौपट झाली. इकडे नेमक्या त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची लोखंडी वाट घाट चढून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे सरकत होती. तोपर्यंत बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर मुंबई गाठणारा खानदेशचा कापूस आता थेट वाघिणीत पडू लागला. जळगाव हे शहर कापसाने उभं केलं. आधी ती एक साधी पेठ होती. धुळ्याला कॅप्टन ब्रिग्जने 1819 च्या आसपास आखीव पेठा पाडून जिल्ह्याचं ठाणं केलं होतं, पण रेल्वे बाजूने निघून गेली आणि चाळीसगावहून फाटा यायला 1900 उजाडलं. धुळेकरांच्या मनात ते अजून आहे, कुणाला न सांगण्याइतकं.

1865 ला यादवी संपली आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरवाले बुडाले, त्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. दख्खनच्या गावांत कर्ज बुडत नाही, ते वाढतं. 1875 ला पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. इजिप्तचा राज्यकर्ता, खेदिव इस्माइल, याने तेजीच्या जोरावर कर्ज काढून कालवे, राजवाडे, ऑपेरा उभारले होते. 1869 ला सुएझ कालवा उघडला, त्याने खानदेशचा कापूसही लिव्हरपूलच्या फार जवळ आला. 1876 ला इजिप्तचं दिवाळं वाजलं, 1882 ला इंग्रज फौज आत शिरली. फेल्लाह आणि खानदेशी कुणबी यांना एकमेकांचं नाव माहीत नव्हतं, पण दोघांच्या घरातला पैसा लिव्हरपूलच्या एकाच फळ्यावरच्या आकड्याने वर-खाली होत होता. आजही डिसेंबरात जिनिंगच्या दाराशी गाड्या लावून बसलेली माणसं मोबाइलवर न्यूयॉर्कचा वायदा बघतात. धागा आखूड निघाला, ओल जास्त आहे, असं सांगत व्यापारी मूठभर कापूस बोटांत ओढून बघतो, आणि शेतकरी त्या दोन बोटांकडे.

या सगळ्याच्या फार आधीचाही एक रस्ता आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात तो सांगतो की पैठण आणि तेरहून माल गाड्यांवर लादून भडोचला येतो, पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आहे, आणि तेर त्याच्याही पुढे. पैठणहून निघालेला गाडा सातमाळ्याचा घाट उतरला की तो आपल्या पट्ट्यात येतो. चाळीसगावच्या वर, त्या घाटाच्या अंगाला, पितळखोऱ्याची लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखात पैठणच्या एका गांधिकाने, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापार करणाऱ्याने, दान दिल्याचं लिहिलंय. तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात उत्खनन झालं तेव्हा भारतातले मिरे निघाले, सागवान निघालं, सुती कापडाचे तुकडे निघाले. वाळूत ते कापड दोन हजार वर्षं राहिलं.

आपल्याकडे राहिलं नसतं. इजिप्तची माती नदीकाठी आपल्यासारखी काळीच, पण तिथे माणसांनी मेलेल्यांना काळ्या मातीत नाही, बाजूच्या कोरड्या वाळवंटात नेऊन ठेवलं. म्हणून कापड टिकलं, लाकूड टिकलं, पपायरस टिकला, माणसाच्या डोक्याचे केससुद्धा टिकले. ममीभोवती गुंडाळलेलं कापड जवसाच्या धाग्याचं असतं, ज्याची आपण चटणी करतो त्या जवसाचं. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते, दरवर्षी स्वतःलाच उलथवते. तिच्यात भिंत सरळ राहत नाही. 1955 मध्ये बी. के. थापर यांनी तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे उत्खनन केलं, एम. एन. देशपांडे यांनी गिरणेकाठी बहाळला, पुढे म. के. ढवळीकर यांनी साक्री तालुक्यात कवठ्याला. चार हजार वर्षांपूर्वीचे लोक इथे शेती करत होते, हे त्यातून कळलं. मिळालं काय? रंगवलेली खापरं, राख, जळल्यामुळे वाचलेले दाणे, झोपड्यांच्या खुणा. बहाळसमोर गिरणेच्या पलीकडे टेकवाड्याला दफनं मिळाली. त्या माणसांची नावं नाहीत. त्यांच्यातला कोण विंचू चावल्यामुळे घरी राहिला ते कधीच कळणार नाही.

आणि जे उरलं ते आपण घरावर चढवलं. खानदेशची जुनी घरं धाब्याची. धाब्याला चढवायची खारी, पांढरी माती गावाच्या पांढरीतून, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडातून आणायची रीत. गाड्याच्या गाड्या माती निघे, खापरं बाजूला फेकली जात. इजिप्तमध्येही जुन्या टेकाडांची माती खत म्हणून शेतात नेत. 1887 साली अमार्ना इथे अशीच माती खणताना एका बाईला मातीच्या पाट्या सापडल्या असं सांगतात. त्या निघाल्या राजाराजांमधल्या पत्रव्यवहाराच्या. आमच्या धाब्याच्या मातीत काय होतं ते पावसाने गळून गेलं.

ममी मात्र खानदेशच्या एका पोराने विकत आणली. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव, जन्म 11 मार्च 1863. बारा वर्षांचा असताना त्याला बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. कवळाणं आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण मालेगाव, नांदगाव, बागलाण हे तालुके 1869 पर्यंत खानदेश जिल्ह्यात होते, तेव्हा कागदोपत्री हा जन्म खानदेशचाच. अक्षरओळख नसलेल्या घरातून आलेल्या या माणसाने सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, गावोगाव वाचनालयं काढली, 1894 ला पुरं झालेलं वस्तुसंग्रहालय उभारलं आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी न्यूयॉर्कहून इजिप्तची एक ममी घेतली. ती आजही बडोद्याला काचेत आहे. मी ती पाहिली तेव्हा आजूबाजूला शाळेची सहल होती, आणि पोरं मास्तरांना विचारत होती की ही खरी आहे का. खरी होती. नाईलकाठची कुणी एक व्यक्ती, विश्वामित्रीच्या काठी. मला मात्र कवळाण्याचं पोर आठवत राहिलं. गुरं वळायच्या वयात ज्याला अक्षर येत नव्हतं, त्याने परक्या देशाचं मेलेलं माणूस जपायला घर बांधलं, आणि त्याच्या स्वतःच्या आयांनी जात्यावर काय गाणी म्हटली त्याची एक ओळ कुठल्या कपाटात नाही.

इजिप्तच्या थडग्यांत गाणीही सापडतात. अल-काबच्या पाहेरीच्या थडग्यात मळणीच्या चित्राशेजारी बैलांना उद्देशून म्हटलेलं गाणं कोरलंय. लेखक राजाचा कारकून असेल, गाणं मात्र शेतकऱ्याचं. आपल्याकडे हे काम एका मुलाने केलं. आसोद्याला 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या बोलत गेल्या, सोपानदेवांनी आणि मावसभावाने टिपून घेतलं, 1951 ला त्या गेल्या, 1952 ला पुस्तक आलं, आणि अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. त्या जळगावच्या वाड्यातल्या एकट्या नव्हत्या, गाणाऱ्या बऱ्याच होत्या. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हता त्यांचं काय झालं, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. कागदाच्या बाबतीत खानदेश गरीब नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी दारोदार हिंडून जमवलेली दप्तरं धुळ्याच्या संशोधन मंडळात आहेत, शंकरराव देवांनी जमवलेली रामदासी बाडं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ग्रियर्सनने 1907 च्या भाषा सर्वेक्षणात खानदेशीचे नमुने छापले. पण हे सगळं ज्यांना लिहिता येत होतं त्यांचं, किंवा बाहेरच्याने मोजून नेलेलं. आमच्या आजीची पिढी यातल्या कुठल्याच दप्तरात नाही.

म्हणून एक विनंती करतो, विशेषतः चाळीस-पन्नाशीतल्या खानदेशी वाचकांना. घरात अहिराणी किंवा लेवा बोलीतली गाणी येणारी कुणी ऐंशी वर्षांची बाई अजून असेल, तर मोबाइल तिच्यापुढे ठेवा आणि तिला बोलू द्या. आखाजीची, कानबाईची, भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, शिव्यासुद्धा. सुरुवातीला तिचं नाव, माहेरचं नाव, दोन्ही गावं आणि तारीख मोठ्याने सांगून ठेवा. नाहीतर पन्नास वर्षांनी तो आवाज कुणाचा हे कळणार नाही. ध्वनिफीत एका जागी ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला द्या. पावसाळ्याआधी जमलं तर बघा. पुढच्या आखाजीपर्यंत थांबू नका.